स्थायी स्मृती उपकरणांवरील विभाजन

स्थायी स्मृती उपकरणांवरील विभाजन हा संगणकाच्या प्रचालन प्रणालीच्या गाभ्याशी, म्हणजेच कर्नलशी, निगडित असलेला तांत्रिक प्रश्न आहे. वीज गेल्यानंतरही मजकूर टिकवून धरणारी आणि तरीही प्रोसेसरला थेट वाचता-लिहिता येणारी स्मृती जुन्या हार्ड डिस्कप्रमाणे तक्ता लिहून तुकड्यांत वाटावी की नाही, आणि वाटल्यास त्या वाटणीचा हिशेब कोणी ठेवावा, असे त्याचे थोडक्यात स्वरूप आहे. लिनक्स कर्नलमध्ये ही सोय २०१५ पासून उपलब्ध आहे. २०२२ मध्ये तिच्यावर काही मर्यादा आल्या. ती काढून टाकण्यात मात्र आलेली नाही. ज्या उपकरणासाठी हा खटाटोप मुख्यतः झाला त्या इंटेलच्या ऑप्टेन स्मृतीचा व्यवसाय त्याच वर्षी गुंडाळला गेला. तरीही प्रश्न निकाली निघाला नाही, कारण दरम्यान या विभाजनांचा उपयोग आभासी यंत्रांमध्ये रूढ झाला होता.

पार्श्वभूमी

वीज गेली की विसरणारी स्मृती संगणकांत सर्रास झाली ती तुलनेने अलीकडे. मुंबईत कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधला गेलेला आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणक, तसेच त्याच दशकात पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आलेला सोव्हिएत बनावटीचा मिन्स्क-२, या दोहोंची मुख्य स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. कड्यातील चुंबकत्वाची दिशा हाच तेथे लिहिलेला मजकूर असे आणि ती दिशा टिकवण्यासाठी विजेची गरज नसे. १९७० च्या दशकात अर्धवाहक स्मृती आली. ती स्वस्त, लहान आणि जलद होती, पण वीजपुरवठा खंडित होताच कोरी होणारी होती. तेव्हापासून संगणकात दोन कप्पे पडले. एक जलद पण विसरभोळा, तो म्हणजे रॅम. दुसरा मंद पण टिकाऊ, तो म्हणजे चकती आणि पुढे सॉलिड स्टेट ड्राइव्ह.

या दोन कप्प्यांची भाषाही वेगळी राहिली. रॅममधील एकेक बाइट प्रोसेसरला स्वतंत्रपणे उचलता येतो. चकतीकडे मात्र ५१२ किंवा ४०९६ बाइटांचा पूर्ण ठोकळाच मागावा लागतो. तो कर्नल आधी रॅममध्ये आणून ठेवते आणि मग प्रोग्रामला त्यातील हवा तो भाग मिळतो. लिहिताना हाच प्रवास उलट्या दिशेने होतो.

स्थायी स्मृतीने हे दोन कप्पे पुन्हा एकत्र आणले. ती रॅमच्याच खाचेत बसते, प्रोसेसर तिला रॅमप्रमाणेच वाचतो, आणि वीज गेल्यावर तिच्यातील मजकूर राहतो. आरंभीच्या प्रकारात साधी रॅम, तिला जोडलेली फ्लॅश स्मृती आणि वीज जाताच नक्कल उतरवून घेण्यापुरती ऊर्जा साठवणारा संधारित्र अशी रचना असे. इंटेल आणि मायक्रॉन या कंपन्यांनी जुलै २०१५ मध्ये थ्रीडी क्रॉसपॉइंट हे निराळे तंत्र जाहीर केले. त्यावर आधारलेली ऑप्टेन स्थायी स्मृती २०१९ मध्ये १२८, २५६ आणि ५१२ गिगाबाइटच्या पट्ट्यांच्या रूपाने बाजारात आली. तिच्यातून एखादा मजकूर वाचायला सुमारे ३०० नॅनोसेकंद लागत. साध्या रॅमपेक्षा हा वेळ तिप्पट-चौपट असला, तरी त्या काळातील फ्लॅशच्या ड्राइव्हला लागणाऱ्या वेळाच्या तो कितीतरी पट कमी होता.

वीज जाणे म्हणजे काय, हे मुंबईकरांना १२ ऑक्टोबर २०२० रोजी नव्याने कळले. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पारेषण जाळ्यातील बिघाडामुळे शहर, उपनगरे, ठाणे आणि नवी मुंबई येथील वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि काही भागांना पुरवठा परत मिळण्यासाठी तासन्‌तास वाट पाहावी लागली. चांदिवली, पवई, विक्रोळी आणि खाडीपलीकडचे ऐरोली या पट्ट्यातील डेटा सेंटरे अशा वेळी बॅटऱ्या आणि डिझेल जनित्रे यांवर चालतात. दुसरी फळी कोसळलीच तर चकतीवर पोहोचलेले वाचते आणि रॅममधले जाते. स्थायी स्मृती या ठिकाणी उपयोगी पडते, मात्र एका अटीवर. स्मृती टिकाऊ असली तरी प्रोसेसरच्या आतील कॅशे टिकाऊ नसते. म्हणून लिहिलेला मजकूर कॅशेतून बाहेर ढकलल्याची खात्री प्रोग्रामला स्वतः करून घ्यावी लागते. कॅशेतील मजकूरही आपोआप वाचवण्याची सोय पुढे इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या झिऑन प्रोसेसरांबरोबर काही यंत्रांत आली.

थेट प्रवेश

स्थायी स्मृतीवर नेहमीची फाइल प्रणाली बसवली, तर कर्नल सवयीने तिच्यातील मजकूर आधी रॅममध्ये उतरवून घेते. स्मृतीतून स्मृतीत नक्कल करण्याचा हा द्राविडी प्राणायाम टाळण्यासाठी जी व्यवस्था झाली तिला थेट प्रवेश किंवा संक्षेपाने डॅक्स म्हणतात. डॅक्समध्ये फाइलचे पान थेट प्रोग्रामच्या पत्त्यांशी जोडले जाते. मधली नक्कल उरत नाही.

या कल्पनेचे मूळ आयबीएमच्या मोठ्या संगणकांत आहे. एकाच यंत्रावर अनेक आभासी लिनक्स प्रणाली चालत असताना प्रत्येकीने त्याच फाइलींच्या नकला आपापल्या रॅममध्ये बाळगू नयेत, म्हणून कार्स्टन ऑटे यांनी केलेली सोय २००५ मध्ये एक्स्ट२ या फाइल प्रणालीत समाविष्ट झाली. मॅथ्यू विल्कॉक्स यांनी ती मोडून नव्याने बांधली आणि एप्रिल २०१५ मधील ४.० या आवृत्तीत डॅक्स या नावाने ती कर्नलमध्ये आली. पुढच्याच आवृत्तीत रॉस झ्विसलर यांचा पीमेम हा चालक, आणि ४.२ मध्ये डॅन विल्यम्स यांची एनव्हीडिम उपप्रणाली दाखल झाली.

यांपैकी पीमेम चालकाची एक निवड पुढील सर्व गुंतागुंतीचे कारण ठरली. त्याने स्थायी स्मृती कर्नलपुढे ब्लॉक उपकरण म्हणून, म्हणजे जणू एक चकती म्हणून, सादर केली. निवड चुकीची होती असे म्हणता येत नाही. एक्स्ट४ आणि एक्सएफएस यांसारख्या अनेक वर्षे पारखलेल्या फाइल प्रणाली त्यामुळे तशाच वापरता आल्या. नव्या लिहाव्या लागल्या असत्या तर त्यांवर कोणी बँकेचा हिशेब ठेवायला धजावले नसते. पण चकती म्हटली की तिच्याबरोबर विभाजन तक्ताही आला.

भिंत आणि मिळकत पत्रिका

चकतीचे विभाजन म्हणजे तिच्या आरंभी लिहिलेली एक छोटी यादी होय. पहिला भाग अमुक सेक्टरपासून तमुकपर्यंत, दुसरा त्यापुढे, एवढेच तिच्यात असते. कर्नल ती वाचून पीमेम०पी१, पीमेम०पी२ अशी स्वतंत्र वाटणारी उपकरणे उभी करते. फाइल प्रणालीला आपण विभाजनावर आहोत याची जाणीवही नसते. ती आपल्या हिशेबाने शून्यावा सेक्टर मागते आणि ब्लॉक स्तर त्यात विभाजनाच्या आरंभाचा आकडा मिळवून विनंती पुढे धाडतो.

डॅक्समध्ये मात्र विनंती धाडलीच जात नाही. फाइल प्रणाली उपकरणाला फक्त पत्ता विचारते आणि मिळालेल्या पत्त्यावर प्रोग्राम स्वतः वाचतो-लिहितो. मध्ये थांबून आकडा मिळवणारा कोणीच नसतो. हा आकडा मिळवण्याचे विसरले, तर दुसऱ्या विभाजनातील फाइल पहिल्या विभाजनाच्या मजकुरावर लिहिली जाईल. म्हणून ती बेरीज डॅक्सच्या संकेतात हाताने करावी लागली. २०१७ च्या ४.१२ आवृत्तीत डॅक्स उपकरण हे ब्लॉक उपकरणापासून वेगळे काढण्यात आले, तेव्हा ही विसंगती अधिकच उघड झाली. नव्या डॅक्स उपकरणाला विभाजन नावाची गोष्टच ठाऊक नव्हती. विभाजने होती ती त्याच्या शेजारच्या ब्लॉक उपकरणाला.

स्थायी स्मृतीला वाटणीची स्वतःची रीतही आहे. तिच्या प्रत्येक पट्टीवर लेबलांसाठी वेगळी जागा राखलेली असते आणि तेथे नेमस्पेस या नावाने हिस्से नोंदवता येतात. दोन्ही रीतींतील भेद जमिनीच्या व्यवहारावरून समजतो. उपनगरांत एखाद्या भूखंडाचे रीतसर पोटहिस्से पडले, की नगर भूमापन कार्यालयात वेगळी मिळकत पत्रिका निघते आणि त्या नोंदीला सर्व खाती ओळखतात. याउलट दोन भावांनी एकाच पत्रिकेवरील घरात भिंत घातली, तर घरापुरती वाटणी होते, पण कार्यालयाच्या लेखी मिळकत एकच राहते. नेमस्पेस म्हणजे पत्रिका आणि विभाजन म्हणजे भिंत. प्रत्येक नेमस्पेसला कर्नल स्वतंत्र डॅक्स उपकरण देते. विभाजने कितीही पाडली तरी त्यांच्यामागे डॅक्स उपकरण एकच असते.

मग विभाजनांना मनाई का केली नाही? एक तर सर्वच पट्ट्यांवर लेबलांची सोय नव्हती. आरंभीच्या अनेक उपकरणांत संपूर्ण स्मृती ही एकच अखंड नेमस्पेस असे आणि तिचे तुकडे करण्यासाठी विभाजन हाच जवळचा मार्ग होता. कर्नल सुरू करताना विशिष्ट सूचना देऊन साध्या रॅमचा काही भाग स्थायी स्मृती असल्याचे भासवता येते, त्यालाही लेबले नसतात. विद्यार्थी आणि विकासक अभ्यासासाठी हीच युक्ती वापरतात. दुसरे कारण सवयीचे. चकती दिसली की विभाजन करायचे हे प्रणाली प्रशासकांच्या हाडीमाशी खिळलेले आहे, आणि प्रणाली बसवणारी साधनेही तेच करतात. २०१६ पासून डिव्हाइस मॅपर, म्हणजे एलव्हीएमच्या मागची यंत्रणा, डॅक्सला साथ देऊ लागली. पण तोवर विभाजने रुळली होती.

सीमांचा मेळ

व्यवहारात सर्वाधिक त्रास झाला तो विभाजनाच्या आरंभबिंदूचा. कर्नल स्मृतीचा हिशेब पानांत ठेवते आणि नेहमीच्या प्रोसेसरांवर एक पान ४ किबिबाइट, म्हणजे ४०९६ बाइटांचे असते. चकतीचा हिशेब मात्र ५१२ बाइटांच्या सेक्टरांचा. डॉसच्या काळापासून पहिले विभाजन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करण्याची रूढी होती. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६. या संख्येला ४०९६ ने नि:शेष भाग जात नाही. अशा विभाजनावरील फाइलीचे प्रत्येक पान प्रत्यक्ष स्मृतीतील दोन पानांवर अर्धवट पडते आणि प्रोग्रामच्या पत्त्यांशी ते जोडताच येत नाही.

आरंभीच्या आवृत्त्यांत अशा विभाजनावर डॅक्ससह फाइल प्रणाली जोडली, तर ती विनातक्रार जोडली जाई. फाइल वाचू-लिहू जाता मात्र त्रुटी येई. दार उघडे आणि आत पाऊल ठेवायला जागा नाही, असा हा प्रकार होता. तोशी कानी यांनी सुचवलेली तपासणी २०१६ मध्ये ४.७ या आवृत्तीत आली आणि विभाजनाचा आरंभ किंवा आकार पानाच्या पटीत नसल्यास कर्नल जोडणीच्या वेळीच नकार देऊ लागले. उशिरा कळणाऱ्या त्रुटीपेक्षा लगेच मिळणारा नकार केव्हाही बरा, हे तत्त्व येथे योग्य ठरले.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे आणि त्यावर कर्नल आजही ओरडत नाही. मोठ्या स्मृतीचा हिशेब ४ किबिबाइटच्या पानांत ठेवणे महाग पडते, म्हणून प्रोसेसर २ मेबिबाइटचे महापान वापरू देतात. एका महापानात ५१२ साधी पाने मावतात आणि पत्ता शोधण्याचे काम तेवढे कमी होते. मात्र त्यासाठी प्रत्यक्ष पत्ता २ मेबिबाइटच्या पटीत असावा लागतो. आधुनिक साधने पहिले विभाजन १ मेबिबाइटपासून सुरू करतात. ४ किबिबाइटच्या कसोटीला ते उतरते, २ मेबिबाइटच्या नाही. फाइल प्रणालीने आपल्या बाजूने सर्व काही काटेकोर ठेवले, तरी प्रत्यक्ष स्मृतीत प्रत्येक महापान अर्ध्याने सरकलेले राहते. परिणामी महापाने कधीच जुळत नाहीत, सर्व काम साध्या पानांवर चालते, आणि कोणतीही सूचना न मिळता वेग घटतो. उपाय साधा आहे: विभाजन २ मेबिबाइटपासून सुरू करावे. पण तो ठाऊक असणाऱ्यालाच साधा. महागडी स्मृती घेऊन तिच्या क्षमतेपेक्षा कमी वेगावर ती वापरली गेली, तर प्रशासकाला त्याचे कारण तक्त्यातील एका आकड्यात शोधण्याचे सहसा सुचत नाही.

शेतीच्या क्षेत्रात १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पाडण्यास मनाई केली, कारण तो कसणे परवडत नाही. कर्नलमध्ये पहिल्या दोषापुरती तुकडेबंदी आली. दुसऱ्याच्या बाबतीत मालकाच्या समजुतीवर सोडले गेले.

पॉवर जातीच्या प्रोसेसरांवर पान बहुधा ६४ किबिबाइटचे असते, त्यामुळे तेथील कसोट्या आणखी कडक आहेत. त्या बाजूच्या कामात आयबीएममधील अनीश कुमार के. व्ही. आणि वैभव जैन यांचे योगदान आहे.

२०२२ चे बदल

क्रिस्टोफ हेलविग यांनी २०२१ च्या उत्तरार्धात डॅक्सला ब्लॉक उपकरणांपासून सोडवण्यासाठी बदलांची मालिका मांडली. ती मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५.१७ आवृत्तीत समाविष्ट झाली. विभाजनाचा आरंभ दर वेळी नव्याने काढण्याऐवजी तो जोडणीच्या वेळी एकदाच फाइल प्रणालीच्या हाती द्यावा आणि पुढची बेरीज तिने करावी, असा त्यातील विभाजनांपुरता भाग होता. वापरणाऱ्याला काहीच बदललेले दिसले नाही. विभाजनाचा भार मात्र ब्लॉक स्तरावरून फाइल प्रणालीच्या डोक्यावर आला.

खरी अडचण त्याच वर्षी दुसऱ्या कामातून पुढे आली. स्थायी स्मृतीचा एखादा भाग खराब झाला, तर त्या जागी कोणती फाइल होती हे शोधून तिच्या वापरकर्त्याला कळवणे आवश्यक असते. एक्सएफएसमध्ये एकच जागा अनेक फाइलींनी वाटून घेण्याची सोय आहे, त्यामुळे हा शोध अवघड होतो. शियांग रुआन यांनी त्यासाठी केलेल्या व्यवस्थेत डॅक्स उपकरण आपल्या धारकाला, म्हणजे वर बसलेल्या फाइल प्रणालीला, बिघाडाची वर्दी देते. धारक एकच असू शकतो. एका उपकरणावर दोन विभाजने आणि त्यांवर दोन फाइल प्रणाली असतील, तर वर्दी कोणाला द्यायची? पत्रिका एक आणि कुटुंबे दोन असल्यासारखीच ही स्थिती आहे. नोटीस येते ती एकाच्याच नावे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याऐवजी तो टाळण्यात आला. जागा वाटून घेण्याची सोय चालू असलेली एक्सएफएस फाइल प्रणाली विभाजनावर डॅक्ससह जोडण्यास कर्नल आता नकार देते. ही सोय एक्सएफएसच्या साधनांत २०१९ पासून पूर्वनिर्धारितपणे चालू असते. त्यामुळे वरवर पाहता निर्बंध फार व्यापक वाटतो. परंतु त्यापूर्वी डॅक्स आणि ही सोय एकत्र चालतच नव्हती, म्हणून जुन्या मांडणीला धक्का बसला नाही. नव्याने मिळालेला अधिकार विभाजनांपर्यंत पोहोचला नाही, इतकेच. वापरात असलेली गोष्ट कर्नलच्या नव्या आवृत्तीने मोडू नये हा लिनक्समधील जुना दंडक आहे आणि त्याचे येथे पालन झाले. पण या दंडकाचा दुसरा परिणाम असा, की कोणालाही फारशी प्रिय नसलेली सोय निघतही नाही आणि पूर्णही होत नाही.

आभासी यंत्रांतील उपयोग

मायक्रॉनने मार्च २०२१ मध्ये थ्रीडी क्रॉसपॉइंटचे काम थांबवले. जुलै २०२२ मध्ये इंटेलने ऑप्टेन व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले आणि शिल्लक मालापोटी ५५.९ कोटी डॉलरचा तोटा नोंदवला. तेव्हा डॅक्सवरील विभाजनांना आता कोण विचारतो, असा समज होणे स्वाभाविक होते.

तो समज खोडून काढणारे ठळक उदाहरण म्हणजे डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेला काटा कंटेनर्स हा मुक्त प्रकल्प. यात प्रत्येक कंटेनर-समूह स्वतःच्या छोट्या आभासी यंत्रात चालतो. त्या यंत्राची मूळ फाइल प्रणाली आतल्या कर्नलला स्थायी स्मृती म्हणून दाखवता येते, प्रत्यक्षात यजमान संगणकात तशी स्मृती नसली तरी. लाभ असा, की एकाच यजमानावरील सर्व आभासी यंत्रे मूळ फाइल प्रणालीची एकच प्रत वाटून वापरतात. २००५ मध्ये आयबीएमच्या संगणकांवर जे साधायचे होते तेच हे.

या मांडणीत मूळ फाइल प्रणाली पीमेम०पी१ वर, म्हणजे विभाजनावर, असते. तिच्या प्रतिमेत विभाजन तक्ते दोन लिहिलेले असतात. पहिला अगदी आरंभी, जो यजमानाची साधारण साधने वाचतात; दुसरा २ मेबिबाइटनंतर, कारण आतले कर्नल आरंभीचा भाग स्थायी स्मृतीच्या नोंदींसाठी सोडून त्यापुढील जागेलाच उपकरणाचा आरंभ मानते. एकाच घराला दोन दारे ठेवण्याचा हा प्रकार पाहून हसू येईल, पण त्यामुळे एकच प्रतिमा आत आणि बाहेर दोन्हीकडे वाचता येते. विभाजनांची सोय कर्नलने काढली, तर अशी यंत्रे सुरूच होणार नाहीत. पंकज गुप्ता यांनी लिहिलेला आणि २०१९ मध्ये ५.३ आवृत्तीत आलेला व्हर्टआयओ-पीमेम हा चालकही आभासी यंत्रांना अशीच कृत्रिम स्थायी स्मृती पुरवतो.

पर्यायी वाटा

फाइल प्रणालीच नको असेल, तर २०१६ मध्ये ४.७ आवृत्तीत आलेले डिव्हाइस-डॅक्स वापरता येते. ते ब्लॉक उपकरण नसल्याने विभाजन तक्ता वाचत नाही. त्याचे हिस्से नेमस्पेसद्वारे पडतात, आणि डिसेंबर २०२० मधील ५.१० आवृत्तीपासून काही प्रकारांत प्रशासकाला ते थेट पाडता येतात. डेटाबेस आणि आभासी यंत्रांचे चालक यांना ते सोयीचे आहे. ज्याला फाइलींची नावे, मालकी आणि परवानग्या हव्या आहेत त्याला नाही. विंडोज सर्व्हरमध्येही २०१६ च्या आवृत्तीपासून एनटीएफएस फाइल प्रणालीला डॅक्सची जोड मिळाली.

सद्यस्थिती

ऑप्टेनच्या पट्ट्या बसवलेले सर्व्हर अद्याप वापरात आहेत आणि त्यांना कर्नलच्या नव्या आवृत्त्या लागतात. दुसरीकडे सीएक्सएल या जोडणीच्या प्रमाणात २०२० च्या २.० आवृत्तीपासून स्थायी स्मृतीची तरतूद आहे. तिच्यातही हिस्से लेबलांनी पाडण्याचीच रीत स्वीकारली गेली असून विभाजन तक्त्याला तेथे विशेष स्थान नाही. डॅक्सच्या पानांची मोजदाद ठेवण्याची पद्धत ॲलिस्टर पॉपल यांच्या प्रयत्नांतून २०२५ मध्ये बदलली आणि दशकभर साचलेले पुष्कळसे अपवाद त्यातून दूर झाले. विभाजनांचा अपवाद त्यांत नव्हता. एक्स्ट४ आणि एक्सएफएस या फाइल प्रणाली जोडणीच्या वेळी अजूनही विभाजनाचा आरंभ विचारून घेतात आणि प्रत्येक पत्त्यात तो मिळवतात.